झंजीरचा फोटो

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी यंदा बोलणाऱ्या प्रत्येकाला एकच विषय दिला आहे : मनात राहिलेला एक फोटो. दहा मिनिटे वेळ आणि पडद्यावर एक फोटो. बहुतेकांनी शाळेचे, सहलीचे, गॅदरिंगचे फोटो आणले आणि ते बघताना सभागृहात जो आरडाओरडा झाला त्यात मीही मागे नव्हतो. आपल्या लहानपणाचे फोटो मुळात कमी. धरणाच्या भिंतीशी जावे तर 'फोटो काढण्यास सक्त मनाई' अशी पाटी. त्यामुळे ज्या धरणाच्या सावलीत आपण वाढलो त्याच्यासोबत आपला फोटो नाही.

माझा फोटो मात्र एका कुत्र्याचा आहे, तोही मेलेल्या कुत्र्याचा. तुमच्यातले काही म्हणतील, हा जन्मभर गुरांच्या दवाखान्यात राहिला, याच्या पोतडीतून दुसरे काय निघणार! खरे आहे. मी मुरबाड आणि शहापूर तालुक्यांत पशुधन पर्यवेक्षक म्हणून नोकरी केली. लाळ्या-खुरकुताच्या लशी टोचल्या, अडलेल्या गाई सोडवल्या, आणि मेलेली जनावरेही पुष्कळ पाहिली. म्हणूनच हा फोटो मी इतरांपेक्षा जरा जास्त वेळ पाहिला असेन.

आता पडद्याकडे बघा. पिवळसर रंगाचा एक लॅब्राडोर कुत्रा आडवा पडला आहे. अंगावर फुले आहेत. आणि गणवेशातला एक वरिष्ठ पोलीस अधिकारी खाली वाकून त्याच्यावर पुष्पचक्र ठेवतो आहे. फोटो नोव्हेंबर २००० मधला, मुंबईचा. कुत्र्याचे नाव झंजीर. अमिताभ बच्चनच्या १९७३ सालच्या सिनेमावरून ठेवलेले.

झंजीरचा जन्म १९९२ चा. पुण्याच्या श्वान प्रशिक्षण केंद्रात तो शिकला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक व नाशक पथकात दाखल झाला. पुढच्या तीन महिन्यांत काय झाले ते तुम्हाला सांगायला नको. १२ मार्च १९९३, शुक्रवार. दुपारी दीडच्या सुमारास शेअर बाजारात पहिला स्फोट झाला आणि दोन तासांत एकामागून एक झवेरी बाजार, एअर इंडियाची इमारत, सेंच्युरी बाजार, प्लाझा. सरकारी आकड्यांनुसार २५७ माणसे गेली. आपल्या भागातली कितीतरी माणसे कसाऱ्याच्या लोकलने रोज मुंबईला कामाला जात. मोबाइल नव्हते. त्या रात्री आटगाव-आसनगावच्या फलाटांवर कोण कोणाची वाट पाहत उभे होते, ते या सभागृहात बसलेल्या काहींना चांगले आठवत असेल.

झंजीर तेव्हा जेमतेम सव्वा वर्षाचा होता. स्फोटांनंतर तिसऱ्याच दिवशी, १५ मार्चला, धनजी स्ट्रीटवर उभ्या असलेल्या एका स्कूटरमधले आरडीएक्स त्याने हुडकले, असे सांगतात. त्यानंतर शोध सुरूच राहिला. त्याच्या नावावर सांगितले जाणारे आकडे असे : ३,३२९ किलो आरडीएक्स, ६०० डिटोनेटर, २४९ हातबॉम्ब आणि ६,४०६ काडतुसे. यातला एक हातबॉम्ब एखाद्या गर्दीच्या डब्यात फुटला असता तर, एवढाच हिशेब मनात करून बघा. बाकीचे आकडे आपोआप समजतात.

१६ नोव्हेंबर २००० ला, वयाच्या नवव्या वर्षी, परळच्या जनावरांच्या इस्पितळात तो हाडांच्या कर्करोगाने गेला. मोठ्या चणीच्या कुत्र्यांना हा रोग होतो आणि तो फार दुखरा असतो. सुरुवातीला कुत्रा नुसता लंगडतो. मालकाला वाटते, पाय मुरगळला असेल. पोलिसांनी त्याला पूर्ण मानाने निरोप दिला, त्या वेळचा हा फोटो. तेव्हा तो वर्तमानपत्रात आला आणि गेला. पुढे बऱ्याच वर्षांनी मोबाइलवर फिरू लागला आणि साऱ्या जगाने पाहिला.

जाता जाता एक सांगतो. मुंबईला मिळणाऱ्या पाण्यातले जवळपास निम्मे आपल्या भातसाचे. तेव्हा झंजीरही आपल्याच धरणाचे पाणी प्यायलेला असणार. त्या नात्याने तो भातसानगरचा पाहुणा आहे असे समजा आणि आजच्या मेळाव्यात त्याला बसायला जागा द्या.

(हशा)

आता थोडे माझ्या धंद्यातले. या फोटोखाली लोक नेहमी लिहितात : 'निष्ठा शिकावी तर कुत्र्याकडून.' हा शब्द मला जरा तपासून घ्यावासा वाटतो. माणसाच्या नाकात वास ओळखणाऱ्या पेशी साधारण पन्नास-साठ लाख असतात. लॅब्राडोरच्या नाकात त्या वीस कोटींच्या घरात असतात. बॉम्ब शोधणाऱ्या कुत्र्याला शिकवतात ते खेळाच्या रूपाने. ठरावीक वास सापडला की न भुंकता, पंजा न मारता, गप्प खाली बसायचे. बसला की त्याचा सांभाळणारा शाबासकी देतो, चेंडू टाकतो, पाठ थोपटतो. त्या चेंडूसाठी आणि त्या थापेसाठी कुत्रा पुन्हा पुन्हा शोधतो.

म्हणजे झंजीरला बॉम्ब म्हणजे काय ते ठाऊक नव्हते. मुंबई ठाऊक नव्हती. डब्यात बसलेली आपली माणसे तर मुळीच ठाऊक नव्हती. त्याला एवढेच कळत होते, की हा वास आला की बसायचे, आणि आपण बसलो की आपला माणूस खूश होतो. त्याची निष्ठा असेल तर ती देशावर नव्हती, खात्यावरही नव्हती. पट्टा हातात धरणाऱ्या एका माणसावर होती. बाकीचे हजारो लोक त्या एका नात्याच्या आडोशाला वाचले.

काहींना हे ऐकून वाटेल, मी झंजीरला कमी लेखतो आहे. मला उलट वाटते. आपण केलेल्या कामाची त्याला जाण नव्हती, म्हणून ती आपल्याला ठेवावी लागते. माणूस निदान पेन्शन मोजतो, प्रमाणपत्र भिंतीवर लावतो, नातवंडांना गोष्टी सांगतो. जनावराच्या वाट्याला यातले काही येत नाही. त्याच्या कामाचा हिशेब त्याच्या माघारी दुसऱ्या कोणीतरी ठेवला तरच राहतो.

असाच दुसरा एक फोटो जपानमध्ये आहे. हाचिको हे नाव तुम्ही ऐकले असेल, त्याच्यावर सिनेमेही निघाले. तोक्योचे प्राध्यापक हिदेसाबुरो उएनो यांचा हा कुत्रा रोज संध्याकाळी शिबुया स्टेशनवर त्यांना घ्यायला जाई. २१ मे १९२५ ला प्राध्यापक अचानक वारले. कुत्रा येत राहिला. एक-दोन महिने नव्हे, जवळजवळ दहा वर्षे. ८ मार्च १९३५ ला तो मेला, त्या दिवशीचा एक फोटो आहे. मध्ये हाचिको पडला आहे आणि भोवती स्टेशनवरची माणसे व प्राध्यापकांची पत्नी माना खाली घालून बसली आहेत. तोक्योच्या विज्ञान संग्रहालयात त्याचे शरीर पेंढा भरून ठेवले आहे. राखून ठेवलेले त्याचे अवयव २०११ साली शास्त्रज्ञांनी पुन्हा तपासले, तेव्हा त्यालाही कर्करोग असल्याचे निघाले.

शंका काढणारे तिथेही होते. तो स्टेशनवर मालकासाठी नव्हे, तिथल्या ठेल्यांवरच्या खाण्यासाठी येई, असे म्हणणारे होते. मी म्हणतो, येत असेल. भुकेलेला कुत्रा खाणारच. पण खायला तोक्योत दुसरी ठिकाणे नव्हती का? आपणही शाळेत शिकायला येत होतो आणि मधल्या सुट्टीतल्या बोरांसाठीही येत होतो. म्हणून आपले शाळेवरचे प्रेम खोटे ठरत नाही.

आपल्याकडे तर ही गोष्ट फार जुनी. महाभारतातल्या महाप्रास्थानिक पर्वात युधिष्ठिर कुत्र्याला सोडून स्वर्गाच्या रथात बसायला तयार होत नाही. कर्नाटकात अतकूर येथे इसवी सनाच्या दहाव्या शतकातला एक वीरगळ सापडला, रानडुकराशी झुंजून मेलेल्या 'काळी' नावाच्या शिकारी कुत्रीचा. हजार वर्षे उलटली, तिच्या मालकाचे राज्य गेले, पण तिचे नाव दगडावर राहिले. रायगडावरच्या वाघ्याची कथा आपण सहावी-सातवीच्या सहलीत ऐकली. महाराजांच्या समाधीजवळचे ते स्मारक १९३६ सालचे. त्या कथेला समकालीन कागदाचा आधार नाही, असे इतिहासाचे अभ्यासक सांगतात, आणि त्यावरून वादही झाले. २०१२ साली पुतळा हलवला गेला आणि पुन्हा बसवला गेला. त्या वादात मी आज शिरत नाही. मला दिसते ते एवढेच, की खरी असो वा रचलेली, अशी एखादी गोष्ट माणसांना आपल्या थोर माणसाच्या शेजारी असावीशी वाटते. झंजीरच्या बाबतीत वाद नाही. तारीख आहे, नोंद आहे, आणि हा फोटो आहे.

आता तिसऱ्या फोटोबद्दल सांगतो. तो पडद्यावर दाखवता येणार नाही, कारण तो माझ्याकडे नाही.

जनावर मेल्यावर विम्याचे किंवा सरकारी मदतीचे पैसे हवे असतील तर पंचनामा लागतो, आणि त्याला मेलेल्या जनावराचा फोटो जोडावा लागतो. विम्याच्या प्रकरणात कानातला बिल्ला स्पष्ट दिसला पाहिजे आणि शेजारी मालक उभा पाहिजे. असे किती फोटो निघाले माझ्यासमोर, त्याची गणती नाही. आपल्याकडच्या पहिल्या पावसात विजा फार पडतात. मुरबाडच्या एका वाडीत, आंब्याखाली बांधलेल्या जोडीतला एक बैल असाच विजेने गेला. मालकीण एकटी म्हातारी. आम्ही पंचनामा केला, फोटोसाठी तिला बैलाशेजारी उभे राहायला सांगितले. ती उभी राहिली आणि म्हणाली, "सायेब, त्याच्या जोडीदारालाबी घ्या ना फोटूत."

फाइलीला तसा फोटो चालत नाही. फाइलीला एक जनावर आणि एक बिल्ला लागतो. मग फाइलीसाठी एक फोटो काढला आणि तिच्यासाठी दुसरा. जिवंत बैलाला सोडून आणला. तो मेलेल्याच्या मानेशी नाक घालून हुंगत राहिला, आणि तेवढ्यात बटण दाबले गेले. म्हातारी सांगत होती, दोघे एकाच वर्षी म्हशाच्या यात्रेतून आणलेले, कायम एका जुवाखाली. डावा तो डावाच आणि उजवा तो उजवाच. चिखलणीला बाजू बदलली तर अडून बसत. बैलाला तिने बांधावरच पुरला, मीठ घालून, वर बाभळीच्या काट्या रचून.

जो मागे राहिला त्याने चार दिवस पेंढ्याला तोंड लावले नाही. मी ताप पाहिला, पोट पाहिले, तोंड उघडून जीभ-दात पाहिले. रोग काही नव्हता. पुस्तकात याला ताण म्हणतात, सवय मोडल्याची लक्षणे म्हणतात. म्हातारी म्हणाली, "सुतक धरलंय त्यानं." दोन्ही शब्द मला माहीत आहेत, आणि त्या गोठ्यात तरी मला तिचा शब्द अधिक बरोबर वाटला.

काही वर्षांनी लसीकरणासाठी त्याच वाडीत गेलो. म्हातारीच्या पडवीत भिंतीवर देवाची तसबीर, तिच्या नवऱ्याचा हार घातलेला फोटो, आणि त्याच्या शेजारी काचेत बसवलेला तो फोटो. दोन बैल, एक आडवा, एक उभा. त्या बैलाचा जिवंतपणी फोटो कोणी काढला नव्हता. दहा-बारा पावसाळे त्याने त्या घराला भात दिला आणि त्याचा एकुलता फोटो निघाला तो तो मेल्यावर, सरकारच्या कागदासाठी. म्हातारीने त्या कागदातून आपला बैल परत घरी आणला.

झंजीरच्या फोटोत पुष्पचक्र ठेवणारा अधिकारी आणि वाडीतली ही म्हातारी, दोघे माझ्या लेखी एकाच रांगेत आहेत. पोलीस खात्यात सलाम खालून वर जातो, हे आपण सगळे जाणतो. त्या फोटोत तो वरून खाली आला आहे. साहेब वाकला आहे. हा फोटो माझ्या मनात राहिला तो त्या वाकलेल्या पाठीमुळे.

हे वाकणे मेल्यावरच का, असाही प्रश्न पडतो. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात काम केलेले मुंबईच्या पथकातले मॅक्स, सुलतान, टायगर आणि सीझर हे चार कुत्रे निवृत्तीनंतर विरारच्या एका शेतघरी राहिले. तिथे एका प्राणिप्रेमी बाईंनी त्यांना शेवटपर्यंत सांभाळले. चौघेही २०१६ या एका वर्षात गेले. थकलेल्या जनावराला सावली, पाणी आणि ओळखीचा हात मिळणे ही त्याची खरी मानवंदना. पुष्पचक्र त्यानंतरचे. आपल्या घरचे म्हातारे कुत्रे, भाकड गाय, उतरलेला बैल यांच्याबद्दल हे मी एरवीही सांगत असतो, आजही सांगतो.

आता जे मागण्यासाठी उभा राहिलो तिकडे येतो.

सकाळी आपण दोन मिनिटे उभे राहिलो. दिवंगत गुरुजनांची आणि आपल्यातून गेलेल्या वर्गमित्रांची नावे वाचली गेली. काही नावांना शेजारच्याचा हुंदका ऐकू आला. बाहेर व्हरांड्यात जुने ग्रुप फोटो लावले आहेत, तेही मी पाहिले. खुर्च्यांवर शिक्षक, मागे बाकावर आपण, पुढे सतरंजीवर मुली. खाली नावे, डावीकडून उजवीकडे. फार चांगले जपले आहेत, ज्यांनी जपले त्यांचे आभार. पण त्या फोटोंत काही माणसे नाहीत. घंटा देणारे शिपाईमामा नाहीत. पावसाळ्यात गळक्या वर्गात टिपाखाली बादली ठेवणाऱ्या बाई नाहीत. पाण्याचा माठ भरणाऱ्या मावशी नाहीत. फोटो निघत असताना ते कॅमेऱ्याच्या मागे उभे राहून खुर्च्या सरळ करत होते.

गैरसमज नको. मी माणसाची कुत्र्याशी किंवा बैलाशी तुलना करत नाही. म्हणणे इतकेच आहे, की एका शहराच्या पोलीस खात्याला एका कुत्र्यासाठी वाकण्याची बुद्धी झाली, एका म्हातारीने बैलाचा फोटो नवऱ्याच्या शेजारी लावला, आणि आपण शिकलेली माणसे शिपाईमामांचे पूर्ण नाव सांगू शकत नाही. शेवटच्या तासाची घंटा ज्यांच्या हाताने वाजली त्यांना आपण 'मामा' या एका शब्दापलीकडे ओळखत नाही.

आजच्या भाषणांची स्मरणिका निघणार आहे. तिच्यात एक पान राखून ठेवा, अशी माझी विनंती आहे. शाळेत काम केलेल्या आणि ग्रुप फोटोत नसलेल्या प्रत्येकाचे पूर्ण नाव, गाव, किती वर्षे काम केले, एवढे तरी त्या पानावर असावे. कोणाकडे त्यांचा फोटो असेल तर तो द्या, मग तो लग्नातला असो, रेशनकार्डावरचा असो की कोणाच्या मागे अर्धवट आलेला. जे हयात आहेत त्यांच्या घरी आपल्यापैकी चौघांनी जाऊन यावे. वसाहत आता पूर्वीसारखी भरलेली नाही, माणसे शहापूर, मुरबाड, कल्याणपर्यंत पांगली आहेत, पण तासा-दीड तासाच्या पलीकडे फारसे कोणी नाही. मी निवृत्त आहे, मोटारसायकल आहे आणि या दोन तालुक्यांतल्या बहुतेक वाड्यांचे रस्ते मला ठाऊक आहेत. पहिल्या रविवारी कोण येते ते चहाच्या वेळी सांगा.

माझी दहा मिनिटे केव्हाच संपली. सरांनी दोनदा घड्याळाकडे पाहिले ते मला दिसले. तुमच्या त्या नजरेला मी आठवीपासून घाबरत आलो आहे, सर.